ॲपल क्रिस्प खाली पाणचट आणि वर मऊ का होतो?

अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबर आला की ॲपल पिकिंग सुरू होतं, न्यू जर्सी-मिशिगनकडची आपली मराठी मंडळीही पोराबाळांना घेऊन जातात आणि पिशव्या भरभरून सफरचंदं घरी येतात. मग एवढ्यांचं करायचं काय, तर ॲपल क्रिस्प. ॲपल पायसारखी पारी लाटत बसायला नको, फळं चिरायची, ट्रेमध्ये घालायची, वरून ओट्स, मैदा, बटर आणि ब्राऊन शुगरचा चुरा पसरायचा आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. कॉब्लरही त्याच जातीचा, फक्त चुऱ्याच्या जागी बेकिंग पावडर घातलेल्या मऊ पिठाचे गोळे असतात, तिकडे त्याला बिस्किटाचं पीठ म्हणतात. तो जास्त करून दक्षिणेकडच्या राज्यांत, उन्हाळ्यात पीच आले की होतो. दोन्ही इतके सोपे की रेसिपी चार ओळीत संपते, आणि तरीही खूप जणांची एकच तक्रार असते, खाली पाणी पाणी झालं आणि वरचं मऊ पडलं. माझ्या मते या पदार्थात साखर किती आणि दालचिनी किती हे सगळं नंतर, आधी पाणी कुठे जातंय ते बघायला हवं.

१ किलो सफरचंदात साधारण ८५० ग्रॅम पाणीच असतं, पीचमध्ये त्याहून थोडं जास्त. ओव्हन १९० सेल्सिअसला (रेसिपीत ३७५ फॅरनहाइट लिहिलेलं असतं ते हेच) लावला तरी जोवर खाली रस आहे तोवर फळांचं तापमान १०० च्या फारसं वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वरचा चुरा मात्र वाळत जातो, आणि वाळला की तो १४०-१५० पर्यंत तापतो, तिथे पिठातली प्रथिनं आणि साखर यांची मायार्ड अभिक्रिया जोरात सुरू होते (लुई कामीय मायार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं), आणि तो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. म्हणजे एकाच ट्रेमध्ये खाली उकडणं चाललंय आणि वर भाजणं. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते, आणि खालची वाफ वरच्या भाजण्यात लुडबुड करायला लागली की बिघडतं ते इथेच.

आता फळ. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे. गरम केलं की पेक्टिन तुटतं, विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि आतलं पाणी बाहेर येतं. आंबटपणा यात मोठी भूमिका करतो, आम्ल भरपूर असेल तर पेक्टिन उष्णतेला जास्त वेळ टिकतं, कमी असेल तर लवकर तुटतं. म्हणून बेकिंगसाठी लोक ग्रॅनी स्मिथ शोधतात, ते हिरवं आंबट सफरचंद, जे १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ यांच्या बागेत उगवलं. पण नुसता आंबटपणा पुरत नाही, कारण मॅकिंटॉशही बऱ्यापैकी आंबट असतं आणि ते ओव्हनमध्ये चक्क सॉस होतं, जातीनुसार फळाची बांधणीच वेगळी असते. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये बाजारात आणलेलं हनीक्रिस्प गोड असूनही छान आकार धरून राहतं.

भारतात करणाऱ्यांसाठी इथे एक अडचण आहे. आपल्याकडे गाडीवर जे लाल सफरचंद मिळतं त्यात रेड डेलिशस आणि तिच्या भावंडांचा वाटा मोठा आहे, ही जात मूळ अमेरिकेचीच, सॅम्युअल स्टोक्स नावाच्या फिलाडेल्फियाच्या माणसाने साधारण शंभर वर्षांपूर्वी हिमाचलात कोटगढला तिची लागवड केली आणि तिथून सगळं चित्र बदललं. खायला गोड, पण आंबटपणा कमी, आणि बरेच महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेलं असेल तर त्यातलं पेक्टिन आधीच सैल झालेलं असतं. ते वापरायचंच असेल तर लिंबू पिळा, फोडी जाड ठेवा, आणि एक युक्ती जरूर करा. फोडींवर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग चांगलं निथळून घ्या. उकळतं पाणी गार फोडींवर पडलं की तापमान खाली येतं, आणि साधारण ६०-७० च्या टप्प्यात फळातलं एक एन्झाइम जोमाने काम करतं, ते पेक्टिनमध्ये असा बदल करतं की फळातलं कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतं. अशी फोड नंतर पाऊण तास ओव्हनमध्ये राहिली तरी तिचा लगदा होत नाही. गरम पाण्याने फळ अधिक टणक होतं हे ऐकायला उलटं वाटतं पण आहे खरं.

पीचला वेगळी वागणूक. पिकलेलं पीच रसाने इतकं भरलेलं असतं की साखर लावून अर्धा-पाऊण तास ठेवलं की ऑस्मोसिसने भरपूर रस बाहेर येतो, तो गाळून एका पातेल्यात आटवायचा आणि परत फळांत घालायचा. पाणी गेलं, चव राहिली. फ्रोझन फळांना हे अजूनच लागू, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फुटलेल्या असतात.

उरलेला रस दाट करायला कॉर्नफ्लोअर, १ किलो फळांना साधारण २ टेबलस्पून. स्टार्चचे कण ६०-७० ला फुगायला लागतात पण पूर्ण दाटपणा यायला ९५ च्या आसपास जावं लागतं, शिवाय साखर पाणी धरून ठेवते त्यामुळे हे अजून उशिरा होतं. म्हणून रेसिपीत ४० मिनिटं लिहिली असली तरी घड्याळ बघू नका, ट्रेच्या मध्यभागी जाड बुडबुडे येतायत का ते बघा. कडेला बुडबुडे लवकर येतात आणि तिथेच बहुतेक जण फसतात. बाहेर काढल्यावर निदान अर्धा तास थांबा, स्टार्च गार होताना घट्ट होतो, लगेच वाढलं तर चांगला झालेला क्रिस्पही पाणचट वाटेल.

चुऱ्याचं विज्ञान आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे, करंजीच्या किंवा शंकरपाळीच्या पिठात आपण मोहन घालतो तेच हे. मैद्याच्या कणांना तुपाचं आवरण बसलं की पाणी आत शिरत नाही, पिठाला चिवट करणारं ग्लुटेन तयार होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत राहतो. बटर घालताना मूठ वळली पाहिजे इतकंच घाला, आणि चुरा दाबून बसवू नका, मोकळा पसरा म्हणजे खालच्या वाफेला वाट मिळते. ओट्स इन्स्टंट नकोत, ते बारीक असल्यामुळे पटकन पाणी ओढतात आणि चिकट होतात, जाड रोल्ड ओट्स घ्या.

कॉब्लरमध्ये भीती उलटी, वरून सोनेरी दिसणारा गोळा खालून कच्चा राहण्याची, कारण तो थंड रसावर बसलेला असतो. फळं आधी एकटी ओव्हनमध्ये ठेवून उकळायला लागली की मगच गोळे घाला, दोन्हीकडून शिजतात, मध्ये थोड्या फटी ठेवा. टेक्सासकडे एक वेगळाच प्रकार करतात, ट्रेमध्ये वितळलेलं बटर, त्यावर सरसरीत पीठ, त्यावर फळं, आणि अजिबात ढवळायचं नाही, बेकिंग पावडरचा कार्बन डायऑक्साइड पिठात भरला की ते हलकं होऊन फळांच्या वर येतं आणि फळं खाली जातात. ओव्हनच्या काचेतून हे बघायला मिळालं तर मुलांना जरूर दाखवा.

ब्लूबेरी वापरली आणि पीठ जिथे फळाला टेकलंय तिथे हिरवट-निळं दिसलं तर घाबरू नका, खराब काही झालेलं नाही. ब्लूबेरीतलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आम्लात लाल आणि अल्कलीत निळं-हिरवं होतं, म्हणजे सोडा थोडा जास्त झालाय, पुढच्या वेळी कमी घाला किंवा ताक वापरा.

उरलेला क्रिस्प दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, वाफ चुऱ्यातच अडकते आणि तो अजून मऊ होतो. १७५ ला दहा-पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा, ओलावा निघून जातो आणि चुरा परत कुरकुरीत होतो. कॉब्लरचे गोळे फ्रिजमध्ये कडक होतात ते वाळल्यामुळे नाही, तर थंडीत स्टार्चचे रेणू परत एकमेकांना घट्ट चिकटतात म्हणून, आणि तेही त्याच ओव्हनमध्ये ६०-७० च्या वर गेले की पुन्हा सैल होतात.