विषाचा कायदा उसना आणता येतो का?

बेंझीन या विषारी, ज्वालाग्राही द्रवाचा नंबर ७१-४३-२. जगातल्या कुठल्याही बंदरावर, कुठल्याही भाषेत हाच. कागदावर कुणी त्याला ‘बेंझॉल’ म्हणेल, कुणी नुसतं ‘सॉल्व्हंट’ लिहून मोकळं होईल. पण हा नंबर असला की पिंपात काय आहे यावर वाद उरत नाही. याला कॅस क्रमांक म्हणतात. त्यातला शेवटचा आकडा चूक पकडण्यासाठी असतो. तो बाजूला ठेवायचा आणि उरलेले आकडे उजवीकडून १, २, ३, ४ असे गुणत जायचं: ३ × १, ४ × २, १ × ३, ७ × ४. बेरीज ४२, म्हणजे एकं स्थानी २. नंबर बरोबर आहे. घाईत कुणी ७१-३४-२ लिहिलं तर बेरीज ४१ येते आणि चूक तिथल्या तिथे कळते.

रसायन एक, नंबर एक, पण त्यावरचा कायदा मात्र देशागणिक वेगळा. एका देशात हे पिंप उतरवायला परवाना लागतो, कामगारांच्या रक्ताच्या तपासण्या लागतात. दुसऱ्या देशात कस्टमच्या अर्जावर हा नंबर लिहायला रकानाच नसतो. कस्टमचे सहा आकडी कोड व्यापार मोजण्यासाठी आणि जकात लावण्यासाठी बनलेत, विष ओळखण्यासाठी नव्हेत. कितीतरी रसायनं त्यात ‘इतर’ या एका शब्दाखाली बसतात आणि निमूटपणे आत येतात.

बाजारात एकूण रसायनं तरी किती? २०२० साली संशोधकांनी १९ देशांच्या २२ नोंदवह्या एकत्र करून पाहिल्या. साडेतीन लाखांहून जास्त रसायनं आणि मिश्रणं निघाली. ज्या देशाच्या पर्यावरण खात्यात हे काम दोन-तीन माणसांच्या गळ्यात पडलेलं असतं, त्याने एकेक रसायन तपासायचं म्हटलं तर पिढ्या जातील.

सुदैवाने त्याची गरज नाही, कारण रसायनाचा गुणधर्म सरहद्दीवर बदलत नाही. बेंझीनमुळे ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) होतो हे एकदा सिद्ध झालं की ते सगळ्यांसाठी सिद्ध झालं. रसायनांचा कायदा करू पाहणाऱ्या गरीब देशांना जी आंतरराष्ट्रीय मदत मिळते, तिचा बराचसा भाग या एका गोष्टीवर उभा आहे. १९८१ पासून ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेत असा करार आहे की ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या दर्जाच्या प्रयोगशाळेत एकदा चाचणी झाली की तिचे निकाल इतरांनीही मानायचे. नंतर ओईसीडीबाहेरचे देशही त्यात आले. पैसा वाचतो, उंदीरही वाचतात. युरोपचा रसायनांवरचा ‘रीच’ कायदा १ जून २००७ पासून लागू झाला, त्याचं सूत्र ‘माहिती नाही तर बाजार नाही’. कंपन्यांकडून गोळा झालेल्या त्या माहितीचा मोठा भाग हेलसिंकीतल्या युरोपीय रसायन संस्थेने सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. ही मदत म्हणून केलेली गोष्ट नव्हती, पण माझ्या मते कित्येक परिषदांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

लेबलांचंही तसंच. लाल कडांचा, चौकोन टोकावर उभा केल्यासारखा जो शिक्का पिंपावर दिसतो, त्याची व्यवस्था संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. चिन्हं नऊ: ज्वाला, कवटी, छातीत तारा फुटल्यासारखा माणूस वगैरे. सोबत सांकेतिक वाक्यं. एच२२५ म्हणजे अतिज्वालाग्राही द्रव आणि वाफ, एच३५० म्हणजे कर्करोग होऊ शकतो. बेंझीनला दोन्ही लागतात. ही व्यवस्था मात्र स्वतः कायदा नाही. देशाने ती आपल्या कायद्यात घेतली आणि ती वाक्यं आपल्या भाषेत आणली, तरच पिंप उचलणाऱ्याला ती वाचता येतात.

कायद्याचा मसुदासुद्धा तयार मिळतो. रंगातल्या शिशाचं उदाहरण बघा. लेड क्रोमेटमुळे पिवळा रंग झळझळीत दिसतो, शिशाच्या इतर संयुगांमुळे रंग लवकर वाळतो किंवा गंज थांबतो. रंगाचे पोपडे निघतात, त्याची धूळ होते, धूळ मुलांच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातात. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने यासाठी एक नमुना कायदा दिला आहे: सुकलेल्या रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅम. त्याचबरोबर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला उत्पादकाने किंवा आयातदाराने आणायचा, सरकारने नव्हे. माझ्या मते या मसुद्यातलं सगळ्यात शहाणं कलम हेच. ज्या सरकारकडे शिसं मोजायचं यंत्रच नाही, त्यालाही हा कायदा चालवता येतो.

मग उसनं काय मिळत नाही? श्रीलंकेकडे बघा. तिथे १९८० मध्ये कीटकनाशकांचा कायदा झाला आणि नोंदणीचं एक छोटं कार्यालय उभं राहिलं. कुठलं औषध किती जहाल याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ पासूनच करून ठेवली होती. त्या यादीतल्या वरच्या वर्गातली उरलेली औषधं श्रीलंकेने १९९५ मध्ये बंद केली. तेव्हा शेतकरी एंडोसल्फान या कीटकनाशकाकडे वळले आणि इस्पितळांत एंडोसल्फान पिऊन मरणारे वाढले. यादीत ते मधल्या वर्गात होतं. पण इस्पितळाच्या नोंदी वाचणारं कुणीतरी होतं, म्हणून १९९८ मध्ये त्यावरही बंदी आली. पुढे पॅराक्वाट, डायमेथोएट, फेन्थिऑन ही औषधंही बंद झाली. १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी घसरला आणि त्यापायी शेतीचं उत्पन्न कमी झाल्याचं दिसलं नाही. यादी बाहेरची होती. आपल्याकडे माणसं नेमकी कशाने मरतायत, हे मात्र त्यांना स्वतःच शोधावं लागलं.

मदतीची गाडी अडते ती इथेच. प्रकल्पाच्या पैशातून सल्लागार येतात, मसुदा होतो, कार्यशाळा होते, फोटो निघतात. दोन-तीन वर्षांनी प्रकल्प संपतो आणि शिकलेला अधिकारी बदली होऊन दुसऱ्या खात्यात जातो. कधी ‘रीच’ची पानंच्या पानं उतरवून कायदा होतो. पण ज्या कायद्यामागे युरोपात शेकडो तज्ज्ञ बसलेत, तो दोन माणसांच्या कार्यालयाला पेलणार कसा? याहून बरा म्हणजे लहान कायदा: कोण काय आणतं याची नोंद, कॅस क्रमांकासकट, लेबलाची सक्ती, आणि थोड्या, पण खरोखर राबवता येतील अशा बंद्या.

२००६ मध्ये दुबईत देशांनी ठरवलं होतं की २०२० पर्यंत रसायनांचा धोका आटोक्यात आणायचा. ते जमलं नाही. २०२३ मध्ये बॉनला नवा आराखडा झाला, त्यात २८ लक्ष्यं आहेत. बाझल (घातक कचरा), रॉटरडॅम (घातक रसायनांचा व्यापार), स्टॉकहोम (निसर्गात टिकून राहणारी विषं) आणि मिनामाता (पारा) हे करार देशातल्या देशात राबवता यावेत म्हणून संयुक्त राष्ट्रांचा संस्थाबांधणीचा विशेष कार्यक्रमही चालू आहे. तरी पगाराचा प्रश्न राहतोच, कारण परदेशी अनुदानावर निरीक्षक कायमचा ठेवता येत नाही.

त्यावर एक उपाय स्वीडनमध्ये जुनाच आहे. रसायन बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने त्याची नोंद करायची आणि फी भरायची. त्यातून देखरेखीचा खर्च निघतो. तिथली रसायन संस्था इतर देशांना सल्ला देते त्यात हा मुद्दा असतोच. फी अगदी लहान असली तरी चालते, फक्त ती त्याच कार्यालयाच्या कामाला मिळेल असं एक कलम लागतं. ते नसेल तर पैसे सरकारी तिजोरीत जातात आणि पुढच्या वर्षी निरीक्षकाला बंदरावर जायला गाडी मिळत नाही.