घारापुरी म्हणजे कान्हेरी नव्हे

बॅलार्ड पिअरला क्रूझ लागते. पाहुण्यांच्या हाती एकच दिवस, आणि त्यांनी आधीच कळवलेलं असतं की बौद्ध मठाचे अवशेष बघायचेत, उरलेल्या वेळात मुंबई. यजमान त्यांना बेधडक गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसवतो. लेणी ती लेणीच, असा हिशेब! बौद्ध मठ मात्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत आहे.

घारापुरी आपल्याला पाठ आहे. तासाभराची लाँच, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, माकडं आणि सहाव्या शतकाच्या सुमाराचं शैव लेणं. त्यातल्या मुख्य शिल्पाला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणणं मात्र आता पुरे. तो सदाशिव आहे, तिन्ही मुखं शिवाचीच. पूर्वेकडच्या टेकडीवर स्तूपाचे अवशेष आहेत म्हणून 'तिथेही बौद्ध आहेच की' असं कुणीतरी म्हणतंच. पण मठ बघायला आलेल्याची तेवढ्यावर बोळवण करणं म्हणजे पुरणपोळी मागणाऱ्याला गूळ चाखवणं.

खरी गल्लत धर्माची नाही, वापराची आहे. घारापुरीचं मुख्य लेणं हे देऊळ आहे. कान्हेरीत माणसं राहत होती, तीही जवळजवळ हजार वर्षं. म्हणून तिथे मूर्ती शोधत फिरू नका, ओटा शोधा. छोट्या खोलीत भिंतीलगत कोरलेला दगडी ओटा म्हणजे भिक्षूची झोपायची जागा. मग बाहेर येऊन पाण्याचं टाकं बघा. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी या टाक्यांत उतरतं. शंभरावर लेणी आणि बहुतेकांच्या दाराशी स्वतःचं पाणी, म्हणून तर या डोंगरावर बारा महिने वस्ती टिकली. खर्च कोणी केला तेही कोरलेलं आहे: कल्याण, सोपारा इथले व्यापारी. काहींनी तर कायम ठेव ठेवून तिच्या व्याजातून भिक्षूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, मिळण्याची सोय केली.

गट हमखास चुकतो तो तिसऱ्या लेण्यात. खांबांची रांग, टोकाला स्तूप, ओसरीत सुमारे सात मीटर उंचीचे दोन बुद्ध. फोटो काढून मंडळी परत फिरतात. हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. राहती वस्ती पायऱ्या चढून वर गेल्यावर सुरू होते. अकराव्या लेण्यातले दोन लांब, बुटके दगडी बाक भिक्षूंनी एकत्र बसण्यासाठी आहेत. त्याला 'दरबार' हे नाव कुणी दिलं कोण जाणे, राजाचा काही संबंध नाही. दम असेल तर नव्वदाव्या लेण्यापर्यंत जा. सन 1009 आणि 1021 मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी तिथे पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, आपली नावं कोरून ठेवली आहेत. सहलीला जाऊन नाव कोरायची खोड जुनीच म्हणायची!

आता दिवसाचा क्रम. आधी कान्हेरी, नंतर शहर; उलटं करू नका. बंदरापासून टॅक्सीने चर्चगेट आणि तिथून बोरिवली फास्ट. सकाळची गर्दी चर्चगेटकडे येणारी असते, तुम्ही उलट दिशेला जाता, त्यामुळे बसायला जागा मिळते. पूर्वेला उतरून राष्ट्रीय उद्यानाचं फाटक गाठा. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, हे अंतर हिशेबात न धरल्यानेच बेत कोसळतो. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. वर अडीच तास द्या, पाणी भरपूर घ्या, माकडांमुळे खाऊ हातात धरू नका. दुपारी दोनच्या सुमारास परतीची लोकल पकडली की फोर्टात हिंडायला वेळ उरतो, आणि जहाज तिथून हाकेच्या अंतरावर. परतीचा वेळ मोजताना जहाज सुटायची वेळ धरू नका, प्रवाशांनी जहाजावर हजर व्हायची धरा. ती आधीची असते.

जहाज सोमवारी लागत असेल तर वादच मिटला. त्या दिवशी दोन्हीकडे बंद.