आईनस्टाईन गणितात नापास? नाही हो!
दहावीचा निकाल लागला की आमच्या सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज फिरतोच, आईनस्टाईन गणितात नापास होता, मग क्रिएटिव्ह पोराला मार्क कशाला पाहिजेत. साफ खोटंय हे. पंधरा वर्षांचा व्हायच्या आधीच त्याचं कॅल्क्युलस (बदलाचा दर मोजायचं वरच्या वर्गातलं गणित) शिकून झालेलं, १८९५ ला १६व्या वर्षीच स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पॉलिटेक्निकची एन्ट्रन्स दिली त्यात गणित-फिजिक्स भारी, अडकला तो बाकीच्या विषयांत, आणि १८९६ च्या तिथल्याच आराऊच्या शाळेच्या सर्टिफिकेटवर बीजगणित-भूमितीत ६ पैकी ६! घोकंपट्टीचा राग होता त्याला, ते खरंय, पण गणिताचा नव्हे. आणि क्रिएटिव्ह कामालाही गणित लागतंच. आपल्या सोलापुरी चादरीवरचा मोरच घ्या की, जॅकार्डला (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राला) लावायच्या आधी ग्राफवर एकेक चौकोन मोजावा लागतोय.