लेथसाठी कठीण लाकडाचा ठोकळा निवडताना

पर्पलहार्ट या कठीण लाकडाचा नुकताच कापलेला ठोकळा जांभळा नसतो. तो मळकट, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. हवा आणि उजेड लागला की काही दिवसांत त्याला जांभळी छटा चढते, आणि उन्हात राहिला तर तो पुन्हा तपकिरीकडे झुकतो. पडाउक या लाकडाचं याच्या उलट आहे. करवतीखालून निघताना तो भडक नारिंगी-लाल असतो आणि कालांतराने साधा तपकिरी होतो. म्हणजे लेथवर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) वस्तू करायला रंगावर भाळून ठोकळा उचलणारा त्या लाकडाची फक्त आजची अवस्था विकत घेतो. छिद्र पाडताना ठोकळा तडकणार का, सरस धरणार का, पॉलिश वाळणार का, सहा महिन्यांनी डबीचं झाकण निघणार का, हे ठरवतात दोन गोष्टी: ठोकळ्यातलं पाणी आणि झाडाने लाकडात साठवून ठेवलेली रसायनं. रंग शेवटी पाहावा.

आधी रसायनांविषयी. खोडाचा बाहेरचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ. झाडाचं पाणी त्यातून वर चढतं. झाड वाढत जातं तसे आतले थर निकामी होत जातात आणि तिथल्या पेशी मरण्यापूर्वी फिनॉल वर्गातली द्रव्यं, राळ आणि तेलं तयार करून लाकडात भरून ठेवतात. हे झालं मध्यकाष्ठ. कीड आणि बुरशीविरुद्धची ही झाडाची तटबंदी असते. उष्णकटिबंधात कीड-बुरशीचा मारा बारमाही असल्यामुळे तिथल्या अनेक झाडांत या द्रव्यांचं प्रमाण मोठं असतं. कोकोबोलोचे नारिंगी-काळे पट्टे, शिसवीचा सुगंध, लिग्नम व्हायटीचा तेलकट स्पर्श हे सगळं त्यांचंच देणं. अठराव्या शतकात इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनने आपल्या लाकडी घड्याळांत वंगण घालावं लागू नये म्हणून लिग्नम व्हायटीचे भाग वापरले, ते याच तेलकटपणामुळे. कारागिराला त्रास होतो तोही नेमका याच द्रव्यांमुळे, आणि त्याकडे पुढे येऊच.

ठोकळा हातात आला की पहिलं काम वजन करायचं. कोणत्याही लाकडाच्या पेशीभित्तीची घनता जवळपास सारखीच, घनसेंटिमीटरला सुमारे 1.5 ग्रॅम असते. लाकडालाकडांत फरक पडतो तो पेशींच्या आत किती पोकळी आहे यामुळे. लाकडी पेन कातण्यासाठी मिळणारा ठोकळा बहुधा 19 × 19 × 130 मिलिमीटर असतो, म्हणजे 47 घनसेंटिमीटर. नीट वाळलेला असेल तर या मापाचा साग साधारण 31 ग्रॅम भरतो, पडाउक 35, पर्पलहार्ट 42, आफ्रिकेचा काळा आबनूस 45 आणि आफ्रिकन ब्लॅकवुड जवळजवळ 60 ग्रॅम. ब्लॅकवुड आणि लिग्नम व्हायटी पाण्यात बुडतात. एकाच जातीच्या दोन झाडांत दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे झाले म्हणून शंका घेऊ नये. पण पडाउक म्हणून घेतलेला ठोकळा 45 ग्रॅम भरला, तर एक तर तो ओला आहे, नाहीतर तो पडाउक नाही. आबनूस म्हणून दिलेला ठोकळा 32 ग्रॅम भरला, तर तो काळा रंग दिलेलं हलकं लाकूड असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी टोकाकडून दोन-तीन मिलिमीटर कापून आतला रंग पाहावा आणि स्पिरिटमध्ये बुडवलेला पांढरा कपडा त्यावर घासावा. वजन करण्यापूर्वी पेनच्या ठोकळ्यावरचं मेण खरवडून काढायचं हे लक्षात ठेवा. लहान ठोकळ्यावर त्याचेही एक-दोन ग्रॅम असतात.

आता पाणी. ठोकळा वाया जाण्याची बहुतेक कारणं इथे सापडतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशीभित्तीत. पोकळीतलं पाणी आधी निघून जातं आणि ते जाताना लाकूड आकसत नाही. ओलावा 28-30 टक्क्यांवर आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भित्तींतलं पाणी सुटायला लागतं. आकसणं सुरू होतं ते इथून. तेही सगळीकडे सारखं नसतं. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जितकं आकसतं, त्याच्या सुमारे निम्मंच त्रिज्येच्या दिशेने आकसतं, आणि लांबीच्या दिशेने जवळपास नाहीच. साध्या आकड्यांत पाहू. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्तुळाच्या दिशेने 8 टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने 4 टक्के आकसणारं लाकूड आहे. त्याची 60 मिलिमीटर व्यासाची डबी 20 टक्के ओलाव्यावर कातली आणि ती घरात 10 टक्क्यांवर आली, तर 30 पैकी 10 टक्के पाणी गेलं, म्हणजे एकूण आकसण्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झाला: एका दिशेने ती सुमारे 1.6 मिलिमीटर आणि दुसऱ्या दिशेने 0.8 मिलिमीटर आकसेल. गोल डबी अंडाकृती होते. झाकण अडकतं, किंवा एकदा निघालं की परत बसत नाही.

वाडग्यांचे मोठे ठोकळे चहूबाजूंनी मेणात बुडवलेले असतात. मेण दिसलं की आत ओलावा आहे असंच धरून चालावं. लाकडाच्या आडव्या छेदातून पाणी बाजूंपेक्षा दहापट किंवा त्याहून वेगाने बाहेर पडतं. टोकं आधी वाळून आकसतात, आतला भाग ओला आणि फुगलेलाच राहतो, आणि त्या ताणाने टोकं फाटतात. मेण हा वेग रोखतं. ठोकळा घरी आणून सगळं मेण एकदम खरवडलं तर आठवड्याभरात चिरा पडलेल्या दिसतात. दोन्ही टोकांवरचं मेण तसंच ठेवून फक्त बाजूंचं काढावं आणि ठोकळा सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर ठेवावा. वाडगा करायचा असेल तर याहून चांगला उपाय म्हणजे ओला असतानाच जाडसर कातून ठेवणं. भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवतात. 150 मिलिमीटरच्या वाडग्याला 15 मिलिमीटर जाडी ठेवली, की तो वाळताना वाकडा झाला तरी पुन्हा गोल कातण्याइतकं लाकूड उरतं.

वाळला की नाही हे वजनकाट्याने ठरवावं. लहान ठोकळ्याला 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. वाडग्याला 1 ग्रॅमचा पुरतो. आठवड्यातून एकदा वजन करून तारखेसह ठोकळ्यावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहायचं. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा हलला नाही तर ठोकळा त्या खोलीच्या हवेशी जुळला. नेमकी टक्केवारी हवी असेल तर ठोकळ्याच्या टोकापासून बरंच आतून एक तुकडा घ्यावा, वजन करावं, 103 अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा वजन करावं. 24 ग्रॅमचा तुकडा 20 ग्रॅमवर स्थिरावला तर गेलेलं पाणी 4 ग्रॅम. त्याला कोरड्या वजनाने, म्हणजे 20 ने भागायचं, ओलावा 20 टक्के. घरातल्या वस्तूसाठी 8 ते 12 टक्के बरा. ओलावामापक यंत्रावर इथे आंधळा विश्वास नको. पृष्ठभागावर टेकवून मोजणारी यंत्रं लाकडाच्या घनतेला फसतात आणि आबनुसासारख्या जड लाकडात फुगलेला आकडा दाखवतात.

मग ठोकळ्याचा आडवा छेद नीट पाहावा. मेण खरवडून टोकावर स्पिरिट पुसलं की बाकीचा पृष्ठभाग झटकन सुकतो, चिरेतलं स्पिरिट मात्र रेंगाळतं, आणि नुसत्या डोळ्याला न दिसणारी चीर ओल्या काळ्या रेघेसारखी उमटते. याच छेदात भेंड, म्हणजे खोडाचा अगदी मधला बिंदू, दिसत असेल तर तो ठोकळा घेऊ नये. भेंडाभोवती वर्तुळं पूर्ण असल्यामुळे आकसण्यातला फरक कुठेच सामावला जात नाही आणि लाकूड भेंडापासून बाहेर फाटत जातं. उष्णकटिबंधातल्या बऱ्याच लाकडांत वर्तुळं ठळक नसतात. तिथे फिकट-गडद पट्ट्यांची वक्रता पाहावी. वक्रता जितकी तीव्र, तितकं भेंड जवळ. झाकणाच्या डबीसाठी सरळ आणि समांतर पट्ट्यांचा छेद निवडावा.

यानंतर ठोकळ्याच्या एकमेकींना लागून असलेल्या दोन बाजूंवर लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, पाहायची. बारीक कांब, विणकामाची सुई, हत्याराची मूठ असं काही कातायचं असेल तर रेषा लांबीला समांतर हवी. दहा मिलिमीटरला एक मिलिमीटर तिरकी रेषा असेल तर वाकवताना लाकडाची ताकद सुमारे पाचव्या भागाने घटते. पाचाला एक तिरकी असेल तर ती जेमतेम 55 टक्के उरते. पेनची गोष्ट वेगळी. आत पितळी नळी असल्यामुळे भार तीच घेते. म्हणून वेंगे किंवा झेब्रावुडचा मुद्दाम तिरका कापलेला ठोकळा पेनला चालतो, आणि पट्टे त्यात फार सुंदर उठतात. पडाउक आणि पर्पलहार्टमध्ये रेषा थराथराने उलटसुलट पिळलेली असते. त्यांवर बोथट पटाशी चालवली तर दर दुसऱ्या पट्ट्यात लाकूड उचकटतं, आणि तो खडबडीतपणा पॉलिशपेपरने घालवायला गेलं की बाकीचा भाग खोल जातो. शेवटचे हात नुकत्याच धार लावलेल्या हत्याराने, अगदी पातळ छिलका काढतच द्यावेत.

आबनुसाला मुख्य धोका उष्णतेचा. पेनसाठी 7 मिलिमीटरचं छिद्र पाडताना ड्रिल तापलं की आतला भाग भराभर सुकतो आणि ठोकळा छिद्रापासून बाहेर तडकतो. ड्रिल धारदार असावं, वेग मिनिटाला 500 ते 800 फेऱ्या, आणि दर दहा मिलिमीटरला ते बाहेर काढून भुसा झटकावा. ठोकळा नळीपेक्षा काही मिलिमीटर लांब ठेवावा, छिद्र पलीकडून बाहेर काढू नये, आणि बंद टोक नंतर कापून टाकावं. असं केलं की बाहेर पडताना ड्रिलने ढलपा उडवण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता झाडाच्या तटबंदीकडे परत. कोकोबोलो, लिग्नम व्हायटी, शिसवी यांत सरस धरत नाही, कारण तेलकट द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. जोडाची बाजू नव्याने घासून अ‍ॅसिटोनने पुसावी आणि ते उडून जाताच, दहा-पंधरा मिनिटांच्या आत, सरस लावावा. उद्यावर ठेवलं तर तेल पुन्हा वर आलेलं असतं. अशा लाकडांना इपॉक्सी (दोन द्रव्यं मिसळून घट्ट होणारा सरस) जास्त भरवशाचं. पॉलिशची अडचण सूक्ष्म आहे. जवसाचं किंवा टंग तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. डाल्बर्जिया कुळातल्या लाकडांची (शिसवी, कोकोबोलो वगैरे) द्रव्यं ही प्रक्रियाच अडवतात, आणि तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. आधी मेणविरहित शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्यावा, किंवा तेल टाळून बारीक घासून मेणाने चकाकी आणावी.

पडाउकचा लाल रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये आणि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो. मेपलसारख्या फिकट लाकडाला पडाउक जोडून कातलं आणि पॉलिशपेपर चालवला, तर लाल भुसा मेपलच्या छिद्रांत भरतो, आणि त्यावर अ‍ॅसिटोन पुसलं की सगळं गुलाबी होतं. अशा जोडकामात पॉलिशपेपरऐवजी धारदार खरवडणी वापरावी, भुसा पुसण्यापेक्षा हवेने उडवावा आणि शेलॅकचे पहिले हात अगदी हलके फवारावेत.

हीच द्रव्यं शरीरालाही झोंबतात. कोकोबोलो आणि त्याच्या कुळातल्या लाकडांत क्विनोन वर्गातली रसायनं असतात. काही जणांना पहिल्या काही वेळा काहीच होत नाही, मग अचानक मनगटावर, पापण्यांवर पुरळ येतं आणि त्यानंतर थोड्या भुश्यानेही उठतं. लाकडाच्या भुश्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसात निश्चित कर्करोगकारक ठरवलं आहे. त्यामुळे एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क आणि भुसा ओढून घेणारी यंत्रणा कोणत्याही लाकडासाठी लागतेच. वेंगेची कुसळं लवकर रुततात आणि जखम चिघळते. ते हाताळताना हातमोजे घालावेत, पण लेथ सुरू करण्यापूर्वी काढून ठेवावेत, कारण फिरत्या लाकडात मोजा अडकला तर तो हातासकट ओढला जातो.

म्हणून ठोकळ्याचं शास्त्रीय नाव विचारायलाच हवं. बाजारातली नावं फसवी असतात. सँटोस रोझवुड म्हणून विकलं जाणारं लाकूड डाल्बर्जिया नसून माकेरियम असतं आणि अ‍ॅलर्जीच्या बाबतीत ते फार तीव्र आहे. कायद्यालाही नाव लागतं. ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. 2 जानेवारी 2017 पासून उरलेलं सगळं डाल्बर्जिया कुळ दुसऱ्या परिशिष्टात आलं. त्यात शिसवी, कोकोबोलो आणि आफ्रिकन ब्लॅकवुडही येतात. त्याच दिवशी बुबिंगा या आफ्रिकी लाकडाच्या तीन जाती आल्या. आफ्रिकन पडाउक 2023 मध्ये आला. लिग्नम व्हायटीचं ग्वायकम कुळही याच यादीत आहे. दुसऱ्या परिशिष्टातला ठोकळा देशाबाहेरून मागवायचा तर निर्यात परवाना लागतो, आणि तो नसेल तर माल सीमेवर जप्त होऊ शकतो. ही झाडं फार सावकाश वाढतात, म्हणून कागद मागणं ही निव्वळ औपचारिकता समजू नये.

पहिल्यांदाच असं लाकूड घेणाऱ्याने पेन किंवा बाटलीच्या बुचासाठी वाळलेला पर्पलहार्ट घ्यावा. तो साइट्सच्या यादीत नाही, त्यात सरस बरा धरतो, रेषा घट्ट असते, आणि हत्यार बोथट झालं की जळकट डाग उमटवून तो लगेच सांगतो. कातून झाल्यावर तो करडा दिसला तरी घाबरून जाऊ नये. आठवडाभर खिडकीपाशी ठेवावा, जांभळा रंग वर आला की मगच पॉलिश लावावं, आणि ते अतिनील किरणं अडवणारं निवडावं.