सर आणि सरासरी

घरात डायलचा काळा फोन असलेल्या पिढीला तो आवाज नक्की आठवेल. गावी आजीला फोन लावायचा, एसटीडीचा कोड फिरवायचा, आणि पलीकडून एक बाई शांतपणे सांगायची की या मार्गावरच्या सर्व लाइन व्यस्त आहेत, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. दिवाळीच्या पहाटे तर हे हमखास ऐकू यायचं. ‘पलीकडचा फोन एंगेज आहे’ आणि ‘मधली वाटच भरली आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा मुलांना त्या बाईमुळे कळलं.

मधल्या वाटेवर किती लाइन टाकायच्या, हा प्रश्न सोडवणारा माणूस डेन्मार्कचा. आग्नर क्रारुप अर्लांग हा गणितज्ञ १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी तार टाकली तर कंपनी बुडेल, आणि फारच कमी टाकल्या तर ग्राहक बोंब मारतील. १९०९ साली त्यानं दाखवलं, की फोन येण्याचं प्रमाण प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमानुसार चालतं. त्याचा सोपा अर्थ असा: प्रत्येक जण आपल्या मर्जीनं फोन करतो, आणि आत्ता एक फोन आला म्हणून पुढचा कधी येईल हे काही सांगता येत नाही. १९१७ साली त्यानं दिलेली सूत्रं पुढे जगभरच्या एक्स्चेंजांमध्ये वापरली गेली. फोनच्या वर्दळीचं एकक आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं.

समजा तासाला १०० फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी ३ मिनिटं चालतो. म्हणजे वर्दळ झाली ५ अर्लांग; सरासरी पाहिली तर कोणत्याही क्षणी ५ लाइन गुंतलेल्या. म्हणून पाचच लाइन टाकल्या, तर सूत्र सांगतं, की २८ टक्के लोकांना ‘व्यस्त’ ऐकावं लागेल. ही तक्रार एका टक्क्याच्या आत आणायची तर ११ लाइन हव्यात. आता वर्दळ दहापट झाली, ५० अर्लांग. लाइनही दहापट, म्हणजे ११० लागतील का? नाही, ६४ पुरतात! माणसं जितकी जास्त, तितके त्यांचे चढउतार एकमेकांत जिरतात. एक बोलायला लागतो तेव्हा दुसरा फोन ठेवतो. गर्दी वाढली की ती गुळगुळीत होते, या एका गोष्टीवर टेलिफोनचं अर्थशास्त्र कित्येक दशकं उभं होतं.

मग त्याच तारांमधून संगणक बोलू लागले.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते याच टेलिफोनच्या लाइनवरून यायचं. घरात कुणी इंटरनेटला बसलं की तासभर फोन एंगेज. तीन मिनिटांचं संभाषण गृहीत धरून आखलेल्या व्यवस्थेला हे तासभराचे ‘फोन’ झेपणारे नव्हते. पण खरा धक्का त्याच्या आधीच, अमेरिकेत न्यू जर्सीच्या मॉरिसटाउनमध्ये बसला होता.

तिथल्या बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत विल लेलँड आणि डॅनियल विल्सन यांनी ऑगस्ट १९८९ पासून प्रयोगशाळेच्या इथरनेटवरचं, म्हणजे आतले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्यावरचं, पॅकेट न् पॅकेट टिपायला घेतलं. इंटरनेटवर कोणतीही गोष्ट, मग ते पत्र असो, फोटो असो वा सिनेमा, छोट्याछोट्या तुकड्यांत विभागून जाते. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेट कोणत्या क्षणी गेलं, हे त्यांनी सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या पातळीवर नोंदवलं. मुराद ताक्कू आणि वॉल्टर विलिंजर हे गणिती त्यांना येऊन मिळाले, आणि १९९३ साली चौघांनी निष्कर्ष मांडले.

त्यातलं एक चित्र मला फार आवडतं. तीच आकडेवारी पाच वेळा काढलेली आहे. एकदा १० मिलिसेकंदांना किती पॅकेटं, मग १०० मिलिसेकंदांना, मग १ सेकंदाला, १० सेकंदांना, १०० सेकंदांना. अर्लांगच्या जगात शंभर सेकंदांचा आलेख जवळजवळ सपाट दिसला असता, कारण सगळे खाचखळगे सरासरीत भरून निघाले असते. प्रत्यक्षात पाचही आलेख सारखेच दातेरी होते. खालची वेळ झाकली तर कोणता आलेख कोणत्या मापाचा, हे ओळखू येऊ नये इतके सारखे.

आपल्या पावसाला हे शंभर टक्के लागू पडतं असं मी म्हणणार नाही, पण समजून घ्यायला पाऊसच बरा. सर येते, मग उघडीप. सरीच्या आतही जोर कमीजास्त होतो. दिवसांच्या मापानं पाहिलं तर कधी आठवडाभर झड लागते, कधी पंधरा दिवस पाऊस ओढ देतो. वर्षांच्या मापानं पाहिलं तर बरी वर्षं सलग येतात, वाईटही सलग येतात. जवळून बघा, लांबून बघा, सर काही सरासरीत विरघळत नाही.

ही तुलना पाण्याशी जाते ती उगाच नाही. हॅरल्ड हर्स्ट हा ब्रिटिश जलशास्त्रज्ञ १९०६ साली इजिप्तला गेला आणि नाईलच्या अभ्यासातच त्याचं आयुष्य गेलं. नाईलवर केवढं धरण बांधलं म्हणजे वाईटातल्या वाईट काळातही पाणी पुरेल, हे त्याला काढायचं होतं. त्याच्या हाती कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या जलमापकाच्या इसवी सन ६२२ पासूनच्या नोंदी होत्या. त्याला आढळलं, की दुष्काळी वर्षं एकमेकांना धरून येतात, त्यामुळे साध्या गणितानं काढलेलं धरण अपुरं पडेल. या चिकटपणाच्या मापाला पुढे त्याच्या आडनावावरून ‘एच’ म्हणू लागले. मागच्याचा पुढच्याशी काही संबंध नसेल तर एच ०.५. हर्स्टला नैसर्गिक नोंदींत तो सरासरी ०.७३ च्या आसपास मिळाला. बेलकोरच्या इथरनेटवर तो ०.८ च्या आसपास निघाला.

०.५ आणि ०.८ मध्ये असा काय मोठा फरक? १० मिलिसेकंदांवरून १०० सेकंदांवर जाताना आपण १०,००० पट लांबून बघत असतो. एच ०.५ असेल तर सरासरीच्या तुलनेतले चढउतार मूळच्या एक टक्क्यावर येतात. ०.८ असेल तर ते सुमारे १६ टक्के उरतात. धरणांत किती टीएमसी पाणी उरलं हे जुलैत रोज पेपरात वाचणाऱ्या आपल्याला, या उरलेल्या १६ टक्क्यांत काय दडलेलं असतं ते वेगळं सांगायला नको.

हे का होतं, याचं उत्तर मला मूळ शोधाइतकंच सुंदर वाटतं. अर्लांगच्या फोनला स्मरण नसतं: दहा मिनिटं बोलून झाली, तरी अजून किती वेळ चालेल याचा अंदाज सुरुवातीला होता तोच राहतो. फाइलींचं तसं नाही. बहुतेक फाइली चिमुकल्या असतात, मोजक्या प्रचंड असतात, आणि एकूण वजनाचा मोठा वाटा त्या मोजक्यांचाच असतो. एखादी फाइल दहा मिनिटं उतरतेच आहे म्हटल्यावर ती राक्षसी असण्याची शक्यता वाढते. म्हणजे जितका वेळ गेला, तितकी आणखी वाट बघण्याची तयारी ठेवावी. मार्क क्रोव्हेला आणि अझर बेस्टाव्ह्रोस यांनी बॉस्टन विद्यापीठात वेबच्या फाइली मोजून हे दाखवलं. इकडे विलिंजर आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं, की असे ‘कधी बोलणारे, कधी गप्प बसणारे’ अनेक संगणक एकत्र आणले, आणि त्यांचं बोलणं किंवा गप्प बसणं असं दीर्घशेपटी, म्हणजे बहुतेकदा थोडकं पण क्वचित प्रचंड लांब, असलं, की बेरजेत हाच दातेरी आलेख उमटतो. म्हणजे दोष तारेत नाही, यंत्रातही नाही. माणसं एका ओळीचा निरोप पाठवतात आणि तीन तासांचा सिनेमाही पाठवतात, त्याची ही सावली आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. लाखो जणांची वर्दळ एकत्र वाहणाऱ्या आजच्या मोठ्या लिंकवर, सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यांत पाहिलं, तर पॅकेटं पुन्हा बरीचशी प्वासाँच्या नियमानं येताना दिसतात. अर्लांग खोटा ठरला नाही, त्याची हद्द आखली गेली.

मग या लोंढ्यांचं करायचं काय? पहिला विचार धरणाचाच येतो. राउटरमध्ये, म्हणजे पॅकेटांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रात, जास्तीची पॅकेटं थांबवून ठेवायला जागा असते, तिला बफर म्हणतात. जुनं गणित सांगायचं, की बफर थोडा वाढवा, वाया जाणारी पॅकेटं झपाट्यानं घटतील. पण सरींमागे सरी येत असतील तर कितीही मोठा बफर भरतोच. पॅकेटं वाया जाणं जेमतेम घटतं, आणि रांगेत ताटकळणं मात्र वाढतं.

दुसरा विचार दारावरच्या शिस्तीचा. समजा एका बादलीत सेकंदाला एक या गतीनं टोकनं पडतात आणि बादलीत पाचच मावतात. एक टोकन दिलं की एक मेगाबाइट बाहेर जाऊ शकतो. तुम्ही थोडा वेळ शांत होतात, बादली भरली, आणि मग ४ मेगाबाइटचा फोटो पाठवला, तर तो एका झटक्यात जाईल. पण ४०० मेगाबाइटचा व्हिडिओ लावला, तर पहिले पाच भराभर जातील आणि बाकीचे सेकंदाला एक. छोट्या सरीला मुभा, लोंढ्याला लगाम. इतकी साधी कल्पना इतकं काम करते, याचं मला अजून नवल वाटतं.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा: पाठवणाऱ्यालाच वेळेवर कळवणं. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला संपर्क सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. मधलं अंतर अवघं ४०० यार्ड! पॅकेट हरवलं की प्रत्येक संगणक ते लगेच पुन्हा पाठवत होता, आणि आधीच तुंबलेली वाट आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन यानं माइक कॅरल्सबरोबर त्यावर इलाज शोधला आणि १९८८ साली तो मांडला. सुरुवात थोड्याशा पॅकेटांनी करायची, पोचपावती येत गेली तर वेग वाढवायचा, आणि पॅकेट हरवलं तर ती गर्दीची खूण समजून हात आखडायचा. कुणी पोलीस उभा नाही, प्रत्येकानं आपापलं आवरायचं. इंटरनेट आजही मुख्यतः याच समजुतीवर तगून आहे.

‘थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा’ यातही खोच आहे. थोडा वेळ म्हणजे सगळ्यांनी नेमके पाच सेकंद थांबायचं ठरवलं, तर पाच सेकंदांनी तीच चेंगराचेंगरी. म्हणून मूळच्या इथरनेटमध्ये दोन संगणकांची टक्कर झाली की प्रत्येक जण मनाला येईल तितका, म्हणजे यदृच्छेनं निवडलेला वेळ थांबायचा, आणि पुन्हा टक्कर झाली तर निवडीची मुदत दुप्पट करायचा. सकाळी दहाच्या ठोक्याला एसी डब्यांचं तत्काळ आरक्षण उघडतं, तेव्हा लाखो बोटं एकाच क्षणी हलतात. तिथे ‘प्रत्येक जण आपल्या मर्जीनं’ हे अर्लांगचं गृहीतकच उरत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. असे सामने निभावतात ते चालू व्हिडिओच्या प्रती क्षणोक्षणी शहराशहरांतल्या सर्व्हरवर पोचवून तिथूनच वाटल्यामुळे, म्हणजे पाणी दूरच्या धरणातून न आणता गल्लीतल्या टाकीतून दिल्यामुळे.

धरणाच्या मोहाची दुसरी बाजू मी माझ्या घरात पाहिली आहे. परदेशातल्या बहिणीशी व्हिडिओवर बोलताना मध्येच तिचा चेहरा गोठायचा. लॅपटॉपवर पिंग लावून ठेवलं, म्हणजे दर सेकंदाला एक छोटं पॅकेट पाठवून ते परतायला किती वेळ लागतो ते बघत बसणं. २४ मिलिसेकंद, २२, २५. तेवढ्यात आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या फोननं लग्नाचा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतला. ३००, ७५०, १,२००. एकही पॅकेट हरवलं नव्हतं. सगळी मोडेमच्या रांगेत उभी होती. अपलोड सेकंदाला १० मेगाबिट, आणि बफर दीड मेगाबाइटचा, म्हणजे (एका बाइटचे आठ बिट धरून) १२ मेगाबिटचा. तो भरला की प्रत्येक पॅकेटला १.२ सेकंद ताटकळणं आलंच. आणि पॅकेट हरवत नाही, तोवर फोनला गर्दी कळतही नाही, तो ओततच राहतो.

जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याला २०१० साली आपल्या घरी हेच दिसलं होतं. मेमरी स्वस्त झाली म्हणून सगळ्यांनी बफर फुगवत नेले, आणि जेकबसनची खूणच पाठवणाऱ्यापर्यंत वेळेवर पोचेनाशी झाली. २०१२ साली कॅथलीन निकल्स आणि खुद्द जेकबसन यांनी उपाय सुचवला: रांग किती लांब आहे ते मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजा. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली उतरला नाही, तर एखादं पॅकेट मुद्दाम टाकून द्या. क्षणिक सरीला रांग होते आणि ओसरते, तिला हात लावायचा नाही; ठाण मांडून बसलेली रांग तेवढी मोडायची.

माझ्या राउटरमध्ये ही सोय होती, फक्त बंद होती. ती चालू केली आणि अपलोडची मर्यादा १० ऐवजी ९ मेगाबिट टाकली, म्हणजे रांग मोडेमच्या फुगलेल्या बफरमध्ये न लागता माझ्या राउटरमध्ये लागेल. फोनवर तोच व्हिडिओ पुन्हा चढवला. आठच्या जागी नऊ मिनिटं लागली. पिंग २८, ३१, २६ असं चाललं होतं, आणि बहीण तिकडे अंगणात पडलेला बर्फ दाखवत होती.