जुन्या विमानांच्या सुट्या भागांचा शोध व व्यापार

उत्पादन बंद होऊन अनेक दशके लोटलेल्या, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या व त्याआधीच्या काळातील विमानांच्या पुनर्बांधणीसाठी लागणारे सुटे भाग शोधणे, पारखणे, विकत वा अदलाबदलीत मिळवणे आणि मुळीच न मिळाल्यास नव्याने घडवून घेणे, असा हा व्यवहार आहे. ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा ही त्याची प्रमुख केंद्रे आहेत. विमान केवळ संग्रहालयात मांडायचे असेल तर भाग दिसायला अस्सल असला की भागते. ते उडवायचे असेल तर तोच भाग कोणी, कधी व कोणत्या प्रमाणानुसार बनवला आणि शेवटचा कोणी तपासला, हे कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते. त्यामुळे या व्यापारात धातूइतकेच, किंबहुना धातूपेक्षा जास्त, मोल कागदाला असते.

या बाजारातील बहुतेक मालाचे मूळ युद्धोत्तर विक्रीत आहे. 1945 नंतर अमेरिकेने हजारो विमाने मोडीत काढली. ॲरिझोनातील किंगमन येथे पाच हजारांहून अधिक विमाने उभी होती आणि त्यांतील बहुतेक वितळवून ॲल्युमिनियमच्या विटा करण्यात आल्या. पॉल मँट्झ या वैमानिकाने 1946 मध्ये ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथील 475 विमाने अवघ्या 55,000 डॉलरना घेतली होती. ज्या खरेदीदारांनी इंजिने, चाके व उपकरणे खोक्यांसकट गोदामात ठेवून दिली, त्यांच्या साठ्यांवर आजची अनेक विमाने उभी आहेत.

या इतिहासात भारताचे स्थान मोठे आहे आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही. युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने पुन्हा वापरता येऊ नयेत अशा रीतीने निकामी करून टाकून देण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या बंगळुरूच्या कारखान्याने 1948 पासून त्यांतील चाळीसच्या आसपास विमाने एकाचे भाग दुसऱ्याला लावत दुरुस्त केली. जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली आणि भारतीय हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली. निवृत्तीनंतर त्यांतील काही ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात, कॅनडाच्या विमान संग्रहालयात आणि ॲरिझोनातील पिमा संग्रहालयात गेली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस भारतातून स्पिटफायर व टेंपेस्ट या ब्रिटिश लढाऊ विमानांचे सांगाडेही ब्रिटिश संग्राहकांकडे गेले. टेंपेस्ट मार्क 2 या प्रकाराची जगात जी मोजकी विमाने शिल्लक आहेत, ती मुख्यतः भारतानेच सांभाळलेली आहेत.

सुटा भाग ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्यावर कोरलेला वा शिक्का मारलेला क्रमांक. सुपरमरीन कंपनी भागाच्या क्रमांकाच्या आरंभी विमानाच्या आराखड्याचा प्रकारांक देत असे. त्यामुळे 300 ने सुरू होणारा भाग स्पिटफायरच्या मूळ आराखड्याचा, 349 चा मार्क 5 चा आणि 361 चा मार्क 9 चा, हे जाणकाराला भंगाराच्या ढिगातही कळते. नंतरच्या विमानातही आधीच्या क्रमांकाचे असंख्य भाग वापरले जात, म्हणून केवळ क्रमांकावरून भाग विजोड ठरवता येत नाही. ब्रिटिश हवाई मंत्रालयाचे भांडार-क्रमांक याहून वेगळे असत. 6ए हा विभाग विमानातील मापक उपकरणांचा, तर 5सी हा विजेच्या सामानाचा. अमेरिकन विमानांच्या बाबतीत सेना व नौदल यांनी मिळून ठरवलेली ए.एन. प्रमाणे आजही चालू आहेत. ए.एन. 3 म्हणजे तीन-सोळांश इंच व्यासाचा बोल्ट, आणि तो आजही नवा मिळतो. अडचण बोल्ट-नटांची नसते, ती ओतीव व घडीव भागांची, चाकांच्या यंत्रणेची आणि इंजिनाच्या अंतर्भागाची असते.

इंजिनांच्या बाबतीत नशीब उत्पादनसंख्येवर अवलंबून असते. रोल्स-रॉइसचे 27 लिटर क्षमतेचे मर्लिन इंजिन अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनेही 55,000 हून अधिक संख्येने बनवले. पॅकार्डने त्यात ब्रिटिश पद्धतीचेच आटे कायम ठेवले, त्यासाठी लागणारी हत्यारेसुद्धा स्वतः तयार केली. म्हणून दोन्ही देशांतील इंजिनांचे अनेक भाग आजही एकमेकांच्या कामी येतात. डकोटा या मालवाहू विमानाच्या ट्विन वॉस्प इंजिनाचेही भाग तुलनेने सुलभ आहेत. याउलट जपानी झिरो विमानाचे साकाए इंजिन इतके दुर्मिळ आहे, की उडत्या स्थितीतील इतर झिरो विमानांना अमेरिकन इंजिन बसवावे लागले. कॅलिफोर्नियातील प्लेन्स ऑफ फेम संग्रहालयाचे झिरो मात्र मूळ इंजिनावर उडते.

मेणकागदात गुंडाळलेला, कधीही न वापरलेला जुना भाग दिसायला कोरा असला तरी तो लगेच बसवता येतो असे नाही. त्यातील रबरी कड्या कडक झालेल्या असतात, बेअरिंगमधील ग्रीस वाळलेले असते आणि मॅग्नेशियमची ओतीव चाके आतून पोखरलेली असू शकतात. म्हणून पोलादी भागांची चुंबकीय कणांनी व ॲल्युमिनियमच्या भागांची भेदक रंगद्रवाने तडे शोधणारी तपासणी होते, रबर सरसकट बदलले जाते, आणि मगच अधिकृत दुरुस्तीशाळा तो भाग उड्डाणयोग्य असल्याचा दाखला देते. अमेरिकेत हा दाखला 8130-3 या क्रमांकाच्या नमुन्यावर, तर युरोपात ईएएसए या विमानसुरक्षा संस्थेच्या फॉर्म 1 वर मिळतो. अमेरिकन व्यवहारात चांगल्या भागाला पिवळी चिठ्ठी व बाद भागाला लाल चिठ्ठी बांधण्याची रूढी आहे. सारख्याच दिसणाऱ्या दोन पंपांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो या चिठ्ठीमुळे.

ही काटेकोरता अनाठायी नाही. 8 सप्टेंबर 1989 रोजी नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचे 36 वर्षे जुने कॉन्व्हेअर 580 विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळून 55 जण मृत्युमुखी पडले. उभ्या शेपटीच्या जोडणीत प्रमाणाबाहेरचे, बनावट बोल्ट वापरलेले होते, असे तपासात निष्पन्न झाले. विक्रेत्याच्या शब्दावर भरवसा ठेवून कागद न मागणाऱ्याने हे प्रकरण अवश्य लक्षात ठेवावे.

भाग मिळतच नसेल तर तो घडवावा लागतो, आणि त्यासाठी मूळ आराखडे हवेत. 2017 मध्ये ब्रिटनमधील ब्रॉटन येथील कारखान्यात मॉस्किटो विमानाचे 20,000 हून अधिक युद्धकालीन आराखडे सापडले, ही या क्षेत्रातील अत्यंत मोलाची घटना होती. मॉस्किटो लाकडी असल्याने त्याचे लाकूड कुजते आणि धातूचे जोडभाग तेवढे उरतात. न्यूझीलंडमधील आर्डमोर येथे असे वाचलेले भाग आणि साच्यांवर घडवलेली नवी लाकडी बांधणी एकत्र आणून तयार झालेले विमान सप्टेंबर 2012 मध्ये उडाले. टायगर मॉथसारख्या जुन्या प्रशिक्षण विमानांच्या आराखड्यांची जबाबदारी आता डी हॅविलँड सपोर्ट ही डक्सफर्ड येथील संस्था सांभाळते, तर अमेरिकेतील कोलोरॅडोच्या युनिव्हेअर कंपनीने स्टिन्सन व अर्कूप या हलक्या विमानांचे प्रकार-हक्कच, म्हणजे त्यांच्या आराखड्यांची अधिकृत मान्यताच, घेतले असून त्यांचे भाग ती पुरवते. मालकाने आराखडा, साहित्य, कृती वा देखरेख यांत प्रत्यक्ष सहभाग घेऊन आपल्याच विमानासाठी भाग बनवून घेण्याची मुभाही अमेरिकन नियमांत आहे.

यातून विमानाच्या ओळखीचा प्रश्न उभा राहतो. अपघातग्रस्त विमानाची क्रमांकपट्टी व थोडेसे मूळ भाग घेऊन उरलेले सर्व नवे घडवले, तरी ते विमान ऐतिहासिक क्रमांकानेच ओळखले जाते आणि विकलेही जाते. उड्डाणसुरक्षेच्या दृष्टीने नवा धातू केव्हाही श्रेयस्कर आहे. परंतु किती भाग मूळचे आणि किती नवे, याची नोंद खरेदीदारापुढे व अभ्यासकापुढे उघड असली पाहिजे, आणि ती अनेकदा नसते.

खरेदी-विक्रीसाठी टेनेसीतील क्रॉसव्हिल येथून 1937 पासून निघणारे, पिवळ्या कागदासाठी प्रसिद्ध असलेले ट्रेड-अ-प्लेन हे जाहिरातपत्र दीर्घकाळ आधार होते. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉशचा वार्षिक विमानमेळा आणि इंग्लंडमधील न्यूआर्क हवाई संग्रहालयाचा जुन्या विमानवस्तूंचा बाजार येथे आजही समोरासमोर सौदे होतात. महत्त्वाचे भाग मात्र पैशांपेक्षा अदलाबदलीनेच हलतात, कारण दुर्मिळ भाग असलेल्याला बहुधा दुसरा दुर्मिळ भागच हवा असतो. संपूर्ण विमानेही अशीच हलली आहेत. ब्रिटिश हवाई दलाच्या तळांच्या फाटकांवर उभी केलेली काही स्पिटफायर विमाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस पुनर्बांधणी करणाऱ्या कंपनीला मिळाली. बदल्यात रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला किटीहॉक व ब्यूफोर्ट विमाने मिळाली आणि फाटकांवर फायबरग्लासच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. युद्धकालीन मापकांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असल्यामुळे त्यांची वाहतूक किरणोत्सर्गी वस्तूंच्या नियमांत येते, हे परदेशातून उपकरणे मागवणाऱ्याने आधीच तपासावे.

कोसळलेल्या विमानांचे अवशेष हा स्वतंत्र व नाजूक विषय आहे, कारण त्यात माणसांचे मृत्यू गुंतलेले असतात. ब्रिटनमध्ये 1986 च्या कायद्यानुसार संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय लष्करी विमानाचे अवशेष उकरता येत नाहीत. पापुआ न्यू गिनीच्या दलदलीतून 2006 मध्ये काढलेले, ‘स्वॅम्प घोस्ट’ म्हणून ओळखले जाणारे बी-17 हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान वाद मिटून अमेरिकेत पोहोचायला 2010 उजाडले. भारतात 1972 चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंनाच लागू होतो. दुसऱ्या महायुद्धातील विमाने व त्यांचे भाग अद्याप त्या मर्यादेत येत नाहीत, आणि लिलावात भंगार म्हणून निघालेल्या सामानाची ऐतिहासिक छाननी व्हावी असे कोणतेही बंधन त्या कायद्यातून निर्माण होत नाही. हवाई दलाच्या ऐतिहासिक ताफ्यासाठी टायगर मॉथ आणि डकोटा ही विमाने ब्रिटनमध्ये सिद्ध करून घ्यावी लागली. त्यांतील ‘परशुराम’ हे डकोटा एप्रिल 2018 मध्ये कॉव्हेंट्रीहून उडत जामनगरला आले आणि 4 मे रोजी हिंडन तळावर हवाई दलाच्या स्वाधीन झाले.