क्वचित हादरणाऱ्या प्रदेशातली भूकंपांची मोजदाद

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ परिमाणाचा भूकंप झाला आणि गडचिरोली, चंद्रपूरबरोबरच नागपुरातही तो अनेकांना जाणवला. मुलुगूचे ते ठिकाण नागपूरपासून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मध्यम आकाराचा हा भूकंप इतक्या दूरवर जाणवण्यामागे मुख्यतः दोन कारणे होती. एक तर त्याची नाभी, म्हणजे भूकंप जिथून सुरू होतो ती जागा, जमिनीखाली सुमारे ४० किलोमीटर खोल होती आणि खोलवरच्या भूकंपाच्या लहरी विस्तीर्ण प्रदेशात पसरतात. दुसरे असे की, दख्खनच्या पठाराखालचे कवच अतिप्राचीन, थंड आणि कठीण आहे; अशा खडकांतून जाताना लहरींची ऊर्जा फारशी झिजत नाही. दूरवर पोहोचणाऱ्या लहरींमध्ये मंद कंपनाच्या, लांब आवर्तनाच्या लहरींचे प्रमाण जास्त असते. उंच इमारती नेमक्या अशाच लहरींना अधिक प्रतिसाद देतात, त्यामुळे दूरचा भूकंप तळमजल्यावर कळत नाही आणि वरच्या मजल्यांवर कळतो.

भूकंप कोठे झाला हे ठरवण्याची रीत मुळात साधी आहे. भूकंपमापकावर आधी प्राथमिक लहरी उमटतात आणि त्यांच्या मागून दुय्यम लहरी येतात. कवचातून प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण सहा किलोमीटर, तर दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटर वेगाने जातात. म्हणून या दोन लहरींच्या आगमनातले सेकंद मोजून त्यांना आठाने गुणले की अंतराचा ढोबळ अंदाज मिळतो. मुलुगूचा भूकंप नागपुरातल्या एखाद्या उपकरणावर पाहिला, तर या हिशेबाने दोन्ही लहरींमध्ये चाळीसेक सेकंदांचे अंतर दिसायला हवे. एका केंद्रावरून केवळ अंतर कळते, दिशा नीटशी कळत नाही. तीन किंवा अधिक केंद्रांवरची अंतरे नकाशावर एकत्र मांडली की अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या थेट वरचे जमिनीवरचे ठिकाण, सापडते. भारतात हे काम नवी दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र करते. देशभरातल्या दीडशेहून अधिक केंद्रांवरील नोंदी तेथे सतत पोहोचत असतात आणि काही मिनिटांतच भूकंपाची वेळ, ठिकाण व परिमाण जाहीर होते.

या कामाला आपल्याकडे सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. १२ जून १८९७ च्या शिलाँग परिसरातील महाभूकंपानंतर १८९८ मध्ये कोलकात्याच्या अलिपूर येथे देशातली पहिली भूकंप वेधशाळा सुरू झाली. त्याच भूकंपाच्या नोंदींचा अभ्यास करताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठलहरी (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरी) वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या. आज जगभर ज्या पायावर भूकंपांचे स्थान ठरवले जाते, त्याचा एक मोठा भाग भारतातल्या भूकंपाने घातला आहे.

ठिकाणापेक्षा खोली ठरवणे कितीतरी अवघड असते. नाभी दहा किलोमीटर खोल असेल, तर ती खोली नेमकी कळण्यासाठी निदान एक केंद्र अपिकेंद्राच्या तितक्याच जवळ असावे लागते. जवळचे केंद्र शंभर-दीडशे किलोमीटरवर असेल, तर पाच आणि पंधरा किलोमीटर खोलीच्या भूकंपांच्या नोंदी जवळजवळ सारख्याच दिसतात. अशा वेळी गणितात खोली ५ किंवा १० किलोमीटर अशी गृहीत धरून बाकीचे हिशेब पूर्ण करण्याची पद्धत जगभर आहे. त्यामुळे विदर्भातल्या एखाद्या लहान धक्क्याच्या बातमीत ‘खोली ५ किलोमीटर’ किंवा ‘१० किलोमीटर’ असे वाचले, तर ते मोजमाप असेलच असे नाही, हे लक्षात ठेवावे. पुढे धोक्याचे जे मूल्यमापन करायचे असते, त्यात या खोलीला फार महत्त्व असते.

हे महत्त्व महाराष्ट्राने किल्लारीत अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या ६.२ परिमाणाच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसे दगावली. नाभी इतकी उथळ होती की किल्लारीजवळ जमिनीच्या पृष्ठभागावरही भेग उमटली. त्यात भर म्हणजे घरे माळवदाची होती. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे थर चढत गेलेले मातीचे जड छत अशा रचनेत भिंतीचे दगड एकमेकांपासून सुटले की सगळा भार झोपलेल्या माणसांवरच येतो. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा परिसर परिक्षेत्र १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. विशेष म्हणजे १९९२ च्या उत्तरार्धात त्याच गावांना लहान धक्क्यांची एक मालिकाच जाणवली होती, पण ते धक्के बारकाईने टिपणारे दाट जाळे तेव्हा जवळपास नव्हते. लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप येईलच असे मुळीच नसते. बहुतेक मालिका आपोआप शमतात, आणि भूकंपाचे भाकीत करण्याची खात्रीशीर पद्धत आजही कोणाजवळ नाही. तरीसुद्धा ते धक्के नीट मोजले गेले असते, तर या भूभागाखाली एक सक्रिय भ्रंश, म्हणजे दोन्ही बाजूंचे खडक जिच्यावर सरकतात अशी भेग, आहे, एवढे तरी आधी कळले असते, असे मला ठामपणे वाटते.

किल्लारीने दोन बदल घडवून आणले. २००२ मध्ये भूकंपप्रवणतेच्या नकाशातून परिक्षेत्र १ काढूनच टाकण्यात आले आणि किल्लारीचा परिसर परिक्षेत्र ३ मध्ये गेला. दुसरा बदल उपकरणांचा होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुणे, कराड, भोपाळ, बिलासपूर अशा द्वीपकल्पातील दहा केंद्रांवर आधुनिक डिजिटल भूकंपमापक बसवण्यात आले. त्यांचा उपयोग लवकरच झाला. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा त्याची खोली सुमारे ३५ किलोमीटर असल्याचे आणि तो नर्मदा-सोन पट्ट्यातील जुन्या भ्रंशावर घडल्याचे या नोंदींवरून समाधानकारकपणे दाखवता आले.

नागपूरचे स्थान या संदर्भात पाहिले पाहिजे. शहराच्या उत्तरेला नर्मदा-सोन पट्टा आहे. १९२७ चा सोन खोऱ्यातला भूकंप, १४ मार्च १९३८ चा सातपुड्यातला ६.३ परिमाणाचा भूकंप आणि १९९७ चा जबलपूरचा भूकंप हे तिन्ही त्याच पट्ट्यातले. आग्नेयेला गोदावरीची खचदरी, म्हणजे भ्रंशांच्या मधला खचलेला पट्टा, आहे. १९६९ मध्ये भद्राचलमला झालेला भूकंप आणि २०२४ चा मुलुगूचा भूकंप तिथले. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकत हिमालयापाशी आशियाला रेटतो आहे, आणि त्या रेट्याचा ताण पठाराच्या आतल्या या जुन्या कमकुवत पट्ट्यांवरही साचतो. हिमालयाच्या तुलनेत तो फार सावकाश साचतो, म्हणून दोन मोठ्या भूकंपांमध्ये शतके किंवा सहस्रके जाऊ शकतात. आपल्याजवळच्या उपकरणांच्या नोंदी मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांच्या, आणि त्यातल्या भरवशाच्या तर तीसेक वर्षांच्याच आहेत.

इतक्या तोकड्या नोंदींवरून धोका मोजायचा, तर लहान भूकंपांचाच आधार घ्यावा लागतो. एखाद्या प्रदेशात ४ परिमाणाचा एक भूकंप होतो, तेव्हा ३ परिमाणाचे साधारण दहा होतात, असे गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी दाखवलेले सूत्र सांगते. लहान भूकंपांची संख्या विश्वासार्ह असेल, तर मोठा भूकंप सरासरी किती काळाने संभवतो याचा अंदाज बांधता येतो. पण विरळ जाळ्यात लहान भूकंप निसटतात आणि यादीच अपुरी राहते. कोयनेत १९६७ च्या ६.३ परिमाणाच्या भूकंपानंतर धरणाच्या परिसरात दाट जाळे उभे राहिले, तीन किलोमीटर खोल वेधछिद्रही घेतले गेले. नर्मदेपासून गोदावरीपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे विदर्भातही, तशीच चिकाटी हवी. नागपूर भूकंपरोधक बांधकामाच्या २०१६ च्या भारतीय मानकानुसार परिक्षेत्र २ मध्ये येते. येथे मोठे भूकंप दुर्मीळ आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

नागपूर जिल्ह्यात या मोजदादीत एक खास अडचण आहे. उमरेड, सावनेर, कामठी भागात कोळशाच्या आणि मनसर, कांद्री, गुमगाव भागात मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीतल्या सुरुंगाने निर्माण होणारी लहर लहान भूकंपासारखीच उपकरणांवर उमटते. २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला जिल्ह्यात अडीच परिमाणाच्या आसपासचे धक्के नोंदले गेले, तेव्हाही हा प्रश्न चर्चेत आला होता. दोन्हींच्या आलेखांत फरक असतो. सुरुंगात जमीन सर्व बाजूंना बाहेर ढकलली जाते, म्हणून प्रत्येक केंद्रावर पहिली हालचाल वरच्या दिशेची दिसते. भ्रंशावरच्या घसरणीत काही केंद्रांवर ती वर, तर काहींवर खाली असते. सुरुंगाच्या नोंदीत दुय्यम लहरी क्षीण आणि उथळ पृष्ठलहरी ठळक असतात. परंतु अडीच परिमाणाच्या धक्क्यात दूरच्या केंद्रांवर पहिली हालचाल पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडून जाते. यावर सर्वांत स्वस्त उपाय असा की प्रत्येक खाणीने सुरुंगाची नेमकी वेळ, ठिकाण आणि स्फोटकांचे वजन भूकंपविज्ञान केंद्राला नियमितपणे कळवावे. तसे झाल्यास सुरुंग यादीतून बाजूला काढता येतील आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी किंवा खाणींपासून दूर घडलेल्या खऱ्या धक्क्यांकडे लक्ष जाईल. धक्का जाणवलेल्या नागरिकांनी केंद्राच्या ‘भूकंप’ ॲपवर वेळ आणि मजला नोंदवला, तर त्याचाही उपयोग होतो.

याच्या जोडीला शहराच्या जमिनीचा अभ्यास हवा. नागपूरच्या पश्चिम भागाखाली दख्खनचा कातळ आहे, तर पूर्वेकडे जुने खडक आणि त्यांच्यावर गाळाचे व काळ्या मातीचे थर आहेत. मऊ थरांत लहरींचा वेग घटतो आणि हेलकावे वाढतात, त्यामुळे एकाच भूकंपात दोन वस्त्यांना बसणारा हादरा वेगळा असू शकतो. जबलपूरचे या दृष्टीने सूक्ष्म परिक्षेत्रांत वर्गीकरण झाले आहे. नागपूरसाठी असे काम करताना सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही. मेट्रोच्या खांबांसाठी, उड्डाणपुलांसाठी आणि उंच इमारतींसाठी घेतलेल्या वेधछिद्रांमधून मातीच्या थरांची माहिती शहरभर मिळालेली आहे. ती एका ठिकाणी आणून तिच्यावर लहरींच्या वेगाची मोजमापे चढवणे, हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विभागीय कार्यालय आणि अभियांत्रिकी संस्था ज्या शहरात आहेत, तेथे सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे.